एकतिसावे कार्ड

ही हकीकत खरी आहे.

खरी म्हणजे, कोणाच्या तरी मामेभावाच्या मित्राने ऐकलेली नव्हे. जिच्या बाबतीत ती घडली ती माझी सख्खी थोरली बहीण. तिने ती मला तीनदा सांगितली, आणि तिन्ही वेळा एकही आकडा बदलला नाही. मी जात्याच वाद घालणारा माणूस आहे; उलटतपासणी घेतल्याशिवाय कोणाचे स्वप्नसुद्धा मान्य करीत नाही. तरीही... या हकीकतीत मला अजून फट सापडलेली नाही.

ही रात्रीची गोष्ट नाही. हिच्यात वादळ नाही, गेलेली वीज नाही, कुत्र्याचे रडणे नाही.

बुधवार. दुपारचे सव्वातीन. रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावरची, जिन्यालगतची सराव-खोली.

खिडकीतून आलेले ऊन थेट टेबलावर पडले होते.

आणि त्या लख्ख उन्हात... तीस कार्डांच्या गठ्ठ्यात एकतीस कार्डे निघाली.

घरात तिला सगळे थोरलीच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. सासरी दोन सुना. दोघीही परिचारिका, दोघीही एकाच रुग्णालयात. थोरलीच्या नोकरीला सोळा वर्षे झाली होती, धाकट्या जावेच्या नोकरीला जेमतेम तीन. तातडीच्या विभागात दारावर बसणाऱ्या सिस्टरची एकच जागा रिकामी झाली होती, आणि ती परीक्षेने भरली जाणार होती. गंभीर आणि तातडीच्या रुग्णांची शुश्रूषा, असा विषय. लेखी आणि प्रात्यक्षिक एकाच दिवशी. परीक्षेला बसायला तीन वर्षांची नोकरी लागे. धाकटीची तीन वर्षे त्याच महिन्यात पुरी झाली.

थोरली यापूर्वी दोनदा बसली होती. पहिल्यांदा लेखीत दोन गुणांनी गेली. दुसऱ्यांदा प्रात्यक्षिकात परीक्षकांनी "पेशंट निळा पडतोय" असे म्हणताच तिची दातखीळ बसली, आणि ती समोरच्या रबरी पुतळ्याकडे अशी पाहत राहिली, की जणू पुढचे औषध त्यानेच सुचवावे. हा किस्सा वॉर्डात वर्षभर चहाबरोबर वाढला जात होता.

धाकटी एकदा वाचे आणि ते तिच्या डोक्यात कोरले जाई. डॉक्टरांना ती उलट प्रश्न विचारी, आणि डॉक्टर रागावण्याऐवजी हसत. उंच, सडपातळ पोरगी. सासूबाई कौतुकाने म्हणत, हिला दारातून येताना मान सांभाळावी लागते आणि वाऱ्यात जाताना अख्खी काया. "तिला हाक मारू नकोस गं, वाचतेय ती," असे थोरलीला बजावून त्या धाकटीचा चहा तिच्या खोलीत नेऊन देत. थोरलीही वाचतच असे. फक्त तिचे पुस्तक गॅसच्या शेगडीशेजारी उघडे असे आणि त्याची पाने वाफेने फुगलेली असत.

थोरली मत्सरी नव्हती, असे मी म्हणणार नाही. भाऊ असलो म्हणून खोटे कशाला बोलू. धाकटी तिच्या डोळ्यांत खुपत होती. तिचे चालणे, तिचे पाठांतर, तिचा तो कोणालाही न दुखवणारा हसरा चेहरा, सगळेच. आणि सर्वांत जास्त खुपत होते ते हे, की धाकटीला याचा पत्ताच नव्हता.

त्या बुधवारी सकाळी थोरली डबे भरत होती. धाकटी केस बांधत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"ताई, डावीकडे काहीतरी धरलंय. श्वास घेतला की कळ येते. बघता जरा?"

"काल त्या पुतळ्याची छाती किती वेळ दाबत होतीस?"

"तासभर तरी."

"मग दुखणारच. स्नायू आहे तो. थांब दोन दिवस."

"तुम्ही म्हणताय म्हणजे झालं," असे म्हणून धाकटी निघूनही गेली.

थोरलीचा स्टेथोस्कोप तिथेच, खुर्चीवरच्या पिशवीत होता. हात पुसून दोन पावले टाकायची, एवढेच काम. ती दोन पावले तिने टाकली नाहीत.

आता कार्डांविषयी.

तातडीच्या विभागात एकाच वेळी वीस माणसे दारात येऊन उभी राहतात. आधी आत कोणाला घ्यायचे, हे दारावरची सिस्टर ठरवते. लाल म्हणजे ताबडतोब. पिवळा म्हणजे लवकरच. हिरवा म्हणजे थांबू शकतो. आणि काळा म्हणजे, ज्याच्यासाठी करण्यासारखे काही उरलेले नाही. याच निवडीच्या सरावासाठी, निवृत्त झालेल्या शिकवणाऱ्या सिस्टरनी पूर्वी तीस कार्डे तयार केली होती. प्रत्येक कार्डावर एक रुग्ण, त्यांच्या टपोऱ्या अक्षरांत, वरून प्लास्टिक चढवलेले, कोपऱ्यात क्रमांक. टेबलावर चार रंगांचे चार ट्रे. कार्ड उचलायचे, अर्ध्या मिनिटात निर्णय घ्यायचा, तो मोठ्याने उच्चारायचा आणि कार्ड त्या ट्रेमध्ये टाकायचे. परीक्षेत हे असेच विचारत. एक नियम मात्र त्यांनी सर्वांच्या डोक्यात हातोडीने ठोकून बसवला होता. ज्याला थांबवले, त्याला पाव तासाने पुन्हा तपासायचे. न चुकता.

बुधवारी थोरलीने गठ्ठा मोजला.

एकतीस.

पुन्हा मोजला. एकतीस.

तिने कार्डे वाटायला सुरुवात केली. भाजलेला स्वयंपाकी, लाल. पाय मुरगळलेला टपालवाला, हिरवा. सतरावे कार्ड, अठरावे... आणि मग एक कार्ड आले, ज्याच्या कोपऱ्यात क्रमांकच नव्हता.

अक्षर तेच. शाई तीच.

'स्त्री, वय एकोणतीस. उंच, सडपातळ. व्यवसाय परिचारिका. खोल श्वास घेताना छातीत डावीकडे कळ. श्वास मिनिटाला वीस. नाडी ब्याण्णव. ऑक्सिजन शहाण्णव टक्के.'

थोरली कार्डाकडे पाहत राहिली.

तेव्हा तिच्या लक्षात आले, की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही. काटा फिरत होता. फक्त आवाज नव्हता.

भीती वाटली का, असे मी तिला विचारले. नाही म्हणाली. राग आला. हे धाकटीचेच काम, असे तिने ताबडतोब ठरवले. सकाळी आपण तपासले नाही, म्हणून हा चिमटा. अक्षराची नक्कल करणे तिला काय अवघड? घरात हीच, वॉर्डात हीच, आता कार्डांच्या गठ्ठ्यातसुद्धा हीच.

छातीत कळ असलेला रुग्ण पिवळ्या ट्रेमध्ये जातो. हे पहिल्या वर्षाच्या मुलीलाही ठाऊक असते.

थोरलीने कार्ड हिरव्या ट्रेवर धरले, आणि रिकाम्या खोलीत, प्रत्येक अक्षर चवीने उच्चारत ती म्हणाली, "हिरवा. थांबू शकते."

कार्ड ट्रेमध्ये पडले.

घड्याळाची टिकटिक पुन्हा सुरू झाली.

गुरुवारी तिने खोलीची किल्ली घेतली तेव्हा चौकीदाराच्या वहीतल्या सह्याही पाहिल्या. तिच्यानंतर कोणीच किल्ली नेली नव्हती. चौकीदाराला विचारले, तेव्हा तो म्हणाला, सिस्टर, परीक्षा आली की तुम्ही दोघीच तेवढ्या वर जाता, आणि दुसऱ्या सिस्टर काल फिरकल्याच नाहीत.

वर जाताना थोरलीने स्वतःची समजूत घातली. नसेल तिने किल्ली घेतली. चाव्या काय, कोणत्याही कुलपाला कोणतीही लागते हल्ली.

गठ्ठा मोजला. एकतीस.

या वेळी ते कार्ड पहिलेच निघाले. तिने ते उचलले, आणि तिची बोटे थबकली.

प्लास्टिक कोमट होते.

ऊन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होते. गठ्ठा सावलीत होता.

'स्त्री, वय एकोणतीस. श्वास मिनिटाला अठ्ठावीस. नाडी एकशे चौदा. ऑक्सिजन ब्याण्णव टक्के. एका दमात वाक्य पुरे करू शकत नाही.'

खाली, प्लास्टिकच्या आत... बारीक धुके साचले होते. ऑक्सिजनचा मास्क आतून धुरकट होतो, तसे. थोरलीने ओढणीने पुसले. गेले नाही. ते आतल्या बाजूला होते.

आणि ते कमी-जास्त होत होते.

दाट... विरळ. दाट... विरळ.

येथे मी तिला अडवले होते. म्हणालो, तुला त्याच क्षणी कळायला हवे होते. ती म्हणाली, कळले होते. हेच तर सांगते आहे तुला. मला कळले होते. पण कळल्यावर मनात पहिला विचार आला तो असा, की शनिवारी सकाळी नऊला परीक्षा आहे. दुसरा विचार मी येऊ दिला नाही.

हे वाक्य ती तिन्ही वेळा याच शब्दांत बोलली.

तिने कार्ड हिरव्या ट्रेमध्ये टाकले. नियमाप्रमाणे उच्चारलेही. "थांबू शकते." आणि उरलेली तीस कार्डे तशीच टाकून ती जिना उतरली.

संध्याकाळी घरी धाकटीच्या खोलीचे दार लोटलेले होते. सासूबाई म्हणाल्या, जेवली नाही नीट, भूक नाही म्हणते, अभ्यासाने पोर वाळून चालली. नवरा गावाला गेलेला, म्हणून तिच्याकडे पाहायला कोणी नाही, असाही एक टोमणा त्यांनी थोरलीच्या दिशेने हलकेच सोडला.

थोरली पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी गेली. आत धाकटी पाठ म्हणत होती.

"आधी श्वासमार्ग..."

थांबली.

"मग श्वास... मग..."

थांबली.

"...रक्ताभिसरण."

एक-दोन शब्द आणि विश्रांती. एक-दोन शब्द आणि विश्रांती. मुद्दे मोजून पाठ करते आहे, असे थोरलीने स्वतःला सांगितले. सोळा वर्षे जिने लोकांचे श्वास ऐकले, तिने स्वतःला हे सांगितले. तांब्या दाराबाहेर ठेवला आणि ती परत फिरली.

शुक्रवार.

परीक्षेच्या आदला दिवस. दुपारचे तीन. थोरलीने गठ्ठा मोजला आणि तिच्या छातीवरचा दगड उतरला.

तीस.

नीट मोजले. एकेक कार्ड उलटून, क्रमांक पाहून. एक ते तीस. जास्तीचे काही नाही. तिला हसू आले. झोप अपुरी, डोळे थकलेले, परीक्षेचा धसका. अशा अवस्थेत माणसाला काय काय दिसते, हे काय तिला ठाऊक नव्हते?

ती कार्डे वाटू लागली. लाल. लाल. पिवळा. हिरवा. काळा. हात पाण्यासारखा चालला. तीसच्या तीस बरोबर, आणि घड्याळ पाहिले तर आजवरच्या सर्वांत कमी वेळात. तिला वाटले, उद्या मला कोणी अडवू शकत नाही. आणि हा विचार संपता संपता...

घड्याळाचा आवाज थांबला.

पंख्याचाही.

खाली रस्त्यावर गाड्या होत्या, वॉर्डात भांडी वाजत असतील, जिन्यावर माणसे असतील. त्यातले काहीही ऐकू येत नव्हते. कानात बोळे कोंबल्यासारखी शांतता.

मग त्या शांततेत एक आवाज आला.

बुडबुड... बुडबुड...

भिंतीवर ऑक्सिजनची बाटली टांगलेली होती. तिच्यातले पाणी बुडबुडत होते. ती सरावासाठी ठेवलेली बाटली; मागची नळी तोडून पाच वर्षे झाली होती.

थोरलीने नजर ट्रेंकडे वळवली. हिरव्या ट्रेमध्ये तिने सात कार्डे टाकली होती.

आठ होती.

सर्वांत वरचे धुक्याने भरलेले होते. पण पूर्ण नाही. धुके कार्डाच्या एकाच अर्ध्या भागात होते आणि ते भराभर, धापा टाकल्यासारखे येत-जात होते. डावा अर्धा भाग कोरडा ठणठणीत. तेथे काहीच हलत नव्हते.

'श्वास अडतीस. नाडी एकशे चाळीस. ऑक्सिजन ब्याऐंशी. छातीत डावीकडे आवाज नाही. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत नाही.'

आणि त्याखाली, त्याच टपोऱ्या अक्षरांत, शेवटची ओळ.

'थांबवल्यानंतरची पुन्हा तपासणी: झालेली नाही.'

थोरलीने कार्ड उचलले. लाल ट्रेमध्ये ठेवले. ती म्हणते, मी ओरडले नाही, दारावर बसून बोलावे तसे नेटके बोलले. "लाल. आत घ्या."

बाटलीतले पाणी स्थिर झाले.

जिना उतरता उतरता तिने घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला. धाकटी झोपली आहे म्हणाल्या, सकाळपासून वाचून दमली, उठवू नकोस.

"उठवा तिला, आई."

"अगं पण..."

"आत्ता उठवा. मी फोन धरून आहे."

फोनमधून चपलांचा आवाज लांब गेला. दार करकरले. मग बराच वेळ काही नाही. मग चपलांचा आवाज परत आला, आणि सासूबाई इतक्या हळू बोलल्या, की जणू त्यांनाही कोणाला उठवायचे नव्हते.

"उठत नाही गं ती. ओठ बघ कसे झालेत तिचे."

घर रुग्णालयापासून पाच मिनिटांवर. रुग्णवाहिका निघाली, तिच्यात थोरली होती. निघण्यापूर्वी तातडीच्या विभागाच्या दारात उभे राहून तिने ड्यूटीवरच्या डॉक्टरांना सांगितले, की डावे फुप्फुस मिटले आहे, बाहेर हवा कोंडली आहे, छातीत नळी घालायची तयारी ठेवा. डॉक्टरांनी विचारले, तपासले कोणी?

"मी," थोरली म्हणाली.

धाकटी आली तेव्हा निळी होती. डॉक्टरांनी डाव्या बरगड्यांच्या फटीत सुई घातली, आणि टायरमधून सुटावी तशी हवा सुटली. शेजारी उभ्या असलेल्या प्रत्येकाने तो आवाज ऐकला. थोरली म्हणते, तेवढ्या तीन-चार क्षणांत मी जितकी प्रार्थना केली तितकी आयुष्यात केली नाही, आणि कोणाला केली ते आजही सांगता येणार नाही.

ती वाचली. उंच, सडपातळ माणसांना हे असे आपोआप होऊ शकते, डॉक्टर म्हणाले. पहिल्या दिवशी छातीचा एक फोटो काढला असता तर एवढी वेळ आली नसती. मग, वर न पाहता त्यांनी विचारले, सिस्टर, तुम्हाला बाजू कशी कळली? थोरली चादर नीट करीत राहिली.

संध्याकाळी धाकटी शुद्धीवर आली. छातीतल्या नळीमुळे तिला नीट वळता येत नव्हते. तिने थोरलीचा हात शोधला.

"ताई, उद्या पेपर आहे. तुम्ही जा हं."

"पेपर गेला खड्ड्यात. तू कुणाला सांगितलं का नाहीस?"

धाकटी जरा ओशाळली. दम घेत घेत बोलली.

"सांगणार होते. पण परवा आणि काल, दोन्ही दुपारी... कुणीतरी कानाशी यायचं. बाईचा आवाज. म्हणायचं, थांबू शकते. इतक्या खात्रीनं म्हणायचं, ताई... मला वाटलं, खरंच थांबू शकते."

थोरलीने हात सोडवून घेतला.

शनिवारी ती परीक्षेला गेली. का गेलीस, असे मी विचारले, तर म्हणाली, घरी बसले असते तर सगळ्यांनी कारण विचारले असते. पहिली आली. जागा मिळाली. सासूबाईंनी आल्यागेल्याला सांगितले, की माझ्या थोरलीने धाकटीला मरणाच्या दारातून ओढून आणले. जो तो तिच्याकडे आदराने पाहू लागला. सोळा वर्षे जे हवे होते ते सगळे एका आठवड्यात मिळाले, आणि त्यातला एक घासही तिच्या घशाखाली उतरेना.

पेपर संपल्यावर ती सराव-खोलीत गेली होती. तीस कार्डे. लाल ट्रे रिकामा. तिने शिकवणाऱ्या निवृत्त सिस्टरना फोन केला आणि विचारले, तुम्ही एकतीस केली होती का? त्या म्हणाल्या, तीसच.

मग त्यांनी विचारले, "कुठल्या ट्रेमध्ये ठेवलंस?"

थोरली हिरव्या ट्रेकडे पाहत राहिली. पलीकडून फोन ठेवला गेला. पुढे दोनदा लावला, उचलला नाही.

आता माझा वाद कोठे अडतो ते पाहा. कार्ड जर नुसते कळवत होते, तर माझ्या बहिणीचा गुन्हा एवढाच, की तिने निरोप दोन दिवस दडपला. पण कार्ड जर तिचे ऐकत असेल, तर? आधी दुखणे आणि मग कार्ड, की कार्ड पडले म्हणून दुखणे वाढले? बुधवारी ते पिवळ्या ट्रेमध्ये पडले असते, तर गुरुवारचा श्वास अठ्ठावीस झाला असता का? मी दोन्ही बाजूंनी तासन्‌तास युक्तिवाद केला आहे. दोन्ही बाजूंनी हरलो आहे.

हकीकत इथे संपली असती, तर बरे झाले असते.

आठ महिन्यांनी तातडीच्या विभागात दुसरी जागा निघाली. धाकटी ठणठणीत बरी झाली होती. तिने अर्ज भरला. थोरलीने तिला शिकवायचे कबूल केले. वाचून घेतले, प्रश्न काढून दिले, पहाटे उठून उजळणी घेतली. फक्त कार्डांना हात लावू दिला नाही. गठ्ठा तिने केव्हाच आपल्या कपाटात कुलूपबंद केला होता. धाकटीने मागितला, ती म्हणाली, त्याची गरज नाही. पुन्हा मागितला, ती म्हणाली, हरवला. तिसऱ्यांदा धाकटीने कार्यालयात अर्ज दिला, आणि गठ्ठा रुग्णालयाच्या मालकीचा असल्यामुळे थोरलीला तो मुकाट्याने खोलीत नेऊन ठेवावा लागला.

त्या संध्याकाळी जेवताना धाकटी शांतपणे म्हणाली, "ताई, एक जागा तुम्हाला मिळाली. आता दुसरीचीही राखण करताय का?"

सासूबाईंनी मान खाली घातली. म्हणजे त्यांनाही तेच वाटत होते.

जेव्हा तिच्या मनात मत्सर ठासून भरलेला होता, तेव्हा कोणाला दिसला नाही. आणि आता, जेव्हा तो उरला नव्हता, तेव्हा सगळ्या घराला दिसत होता. निदान ती मला तसे सांगते. खरेच उरला नव्हता का, असे मी विचारले, तेव्हा ती चहा टाकायला उठली.

दुसऱ्या दिवशी थोरलीची ड्यूटी असताना धाकटीने किल्ली घेतली आणि ती एकटीच वर गेली. वहीत सही आहे. दुपारी तीनला गेली. साडेतीनला किल्ली परत.

थोरली घरी आली तेव्हा धाकटी ओट्याशी उभी होती. तिने गॅस बंद केला, हात पुसले, आणि जवळ येऊन थोरलीचा हात आपल्या हातात घेतला.

"काल मी वाईट बोलले, ताई. मनावर घेऊ नका."

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आले. तिला धाकटीला जवळ घ्यायचे होते. तेवढ्यात तिला जाणवले... धाकटीची दोन बोटे तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूला होती.

परिचारिकांची एक पद्धत असते. तुमचा श्वास मोजते, असे रुग्णाला सांगितले की त्याचा श्वास बदलतो. म्हणून त्या मनगट धरतात. रुग्णाला वाटते नाडी पाहताहेत. नजर मात्र त्याच्या छातीवर असते.

धाकटी तिच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हती.

एक मिनिट. पूर्ण. मग तिने हात सोडला.

"काय गं?" थोरलीने विचारले.

"कुठं काय," धाकटी म्हणाली आणि ताटे घ्यायला वळली.

मी बहिणीला सगळ्या तपासण्या करायला लावल्या. हृदय, फुप्फुस, रक्त. सगळे स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, घोड्यासारखी प्रकृती आहे. पण त्या दिवसापासून धाकटी रोज संध्याकाळी येते, मायेने हात हातात घेते आणि मिनिटभर गप्प राहते. परीक्षा झाली, दुसरी जागाही तिला मिळाली, तरी येतेच. ती नियम पाळते आहे, की कशाची तरी वाट पाहते आहे, हे तिच्या चेहऱ्यावरून ओळखू येत नाही.

दोघी आता एकाच दारावर आळीपाळीने बसतात. हजारो अनोळखी माणसांना माझ्या बहिणीने न डगमगता विचारले आहे, कुठे दुखते, कधीपासून दुखते. पण समोर बसलेल्या जावेला, तू मला कोणत्या रंगात ठेवलेस, एवढे विचारायला तिचा अजून धीर झालेला नाही.

परवा तिचा फोन आला होता. बोलता बोलता मध्येच थांबत होती.

जिना चढून आले, म्हणाली.